छतावरून जाणारी वाट



नव्वदच्या दशकातली परभणीतली उन्हाळ्याची सुट्टी. बाहेर असं ऊन, की गल्लीत चिटपाखरू नाही. आत आम्ही पाच-सहा पोरं टीव्हीसमोर मांडी घालून बसलेलो. टीव्हीला जोडलेला गेमचा डबा, त्यात खोचलेली पिवळी कॅसेट आणि पडद्यावर मिशीवाला मारिओ. त्याची दुसरी स्टेज आम्हाला तोंडपाठ होती. विटांचं भुयार, वर-खाली जाणाऱ्या लिफ्ट आणि शेवटी बाहेर काढणारा पाइप. त्या सुट्टीत गंगाखेडहून माझा मावसभाऊ आला. दोन मिनिटं त्यानं माझा खेळ बघितला आणि म्हणाला, "आरं, खाली काहून उतरायलास? वरून जा की, विटांवरून!"

वर जाणाऱ्या लिफ्टवरून मी उडी मारली. मारिओ भुयाराच्या छतावर चढला. पडद्याच्या अगदी वरच्या कडेला, जिथं गुणांचे आकडे असतात, तिथून तो चालू लागला. नेहमीचा पाइप खालीच राहिला. पुढे एक खोली लागली. तिथं तीन पाइप, आणि त्यांवर आकडे ४, ३, २. म्हणजे दुसरं आणि तिसरं जग न खेळता थेट चौथ्यात जाता येत होतं! त्या दिवशी घरात जो कल्ला झाला, त्यानं दुपारची झोपलेली सगळी माणसं उठली.

आज मला त्या खोलीबद्दल बोलायचं आहे. ती कोणी लपवली आणि का लपवली?

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम जपानमध्ये १९८५च्या सप्टेंबरात आला. निंतेंदो कंपनीतले शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे मुख्य रचनाकार. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, असे एकूण ३२ टप्पे. हे सगळं त्यांनी बसवलं अवघ्या ४० किलोबाइटमध्ये. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट जागा घेतो. जागा इतकी कमी, की त्या गेममधला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे. रंग पांढरा दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. अशा काटकसरीत माणूस एकही वीट उगाच रचत नाही.

पहिलाच टप्पा आठवून बघा. मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे सगळं मोकळं असतं. कुठं जायचं हे सांगावं लागत नाही. थोडं पुढे गेलं की प्रश्नचिन्हाचा एक ठोकळा लुकलुकतो आणि समोरून पहिला शत्रू चालत येतो. उडी मारायला शिकलात तर वाचलात. मग एका ठोकळ्यातून मशरूम निघतं, उजवीकडे सरकतं, पाइपाला धडकून परत फिरतं आणि आपल्याच अंगावर येतं. ते खाल्लं की मारिओ मोठा होतो. पुढे समोरासमोर दोन जिने येतात. त्यांच्या मध्ये पक्की जमीन आहे, उडी चुकली तरी काही बिघडत नाही. लगेच तसेच दोन जिने पुन्हा येतात आणि या वेळी मध्ये खड्डा असतो. म्हणजे आधी सराव, मग परीक्षा. पडद्यावर सूचनेचं एक अक्षर नाही आणि तरी धडा पूर्ण होतो. चांगल्या मास्तरांच्या वर्गात आपल्याला हेच अनुभवाला आलेलं असतं.

हे शिकवता शिकवताच रचनाकार गुपितंही पेरतो. पहिल्या टप्प्यातल्या चौथ्या पाइपात खाली उतरता येतं, आणि तिथं नाण्यांची खोली आहे. त्याच पाइपाच्या पुढे, हवेत, न दिसणाऱ्या ठोकळ्यात एक जादा लाइफ आहे. एकदा पाइपात उतरता येतं हे कळलं, की पोरगं पुढच्या प्रत्येक पाइपावर थांबून खालचं बटण दाबून बघतं. एकदा रिकाम्या हवेत डोकं आपटलं, की रिकामी जागा त्याला कधीच पूर्ण रिकामी वाटत नाही. आणि छतावरची ती वाट याहून मोठं सांगते. ज्याला आपण चित्राची चौकट समजत होतो, तिथेही वाट आहे.

मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे नावाच्या गावात वाढले. रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते तिच्यात शिरले. आपल्या गेममधल्या शोधाच्या आनंदाचं मूळ ते अशा भटकंतीत सांगतात. हे वाचलं तेव्हा मला जिंतूरजवळचं नेमगिरी आठवलं. तिथल्या जैन गुहामंदिरांची दारं ठेंगणी आहेत. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. अंग चोरून, मान खाली घालून शिरावं आणि डोकं वर करावं तर समोर भव्य मूर्ती. ते दार मोठं असतं, तर मूर्ती इतकी मोठी वाटली असती का? अरुंद वाट, थोडा अंधार आणि मग दर्शन. हा क्रम ज्यानं ठरवला, त्याला माणसाचं मन कळत होतं.

आपल्याच मराठवाड्यात देवगिरीच्या किल्ल्यावर अंधारी नावाची काळोखी वाट आहे. तिथं भर दुपारी हात दिसत नाही, वाट वळणं घेत जाते, पायऱ्या चढताना पाऊल चुकतं. तीही एक रचनाच आहे, अतिशय हुशारीची. पण ती शत्रूसाठी रचलेली आहे. आत आलेला माणूस वरपर्यंत पोचू नये, हा तिचा हेतू. खेळातलं गुपित रचणाऱ्याचा हेतू उलटा असतो. ते सापडावं म्हणूनच तो लपवतो. आजीनं लहानग्याशी लपाछपी खेळताना पदराचं टोक मुद्दाम बाहेर ठेवावं, तसं तो खुणेपुरतं काहीतरी बाहेर ठेवतो. मला यात माया दिसते. समुद्रापलीकडच्या एका माणसानं, परभणीतलं एक पोरगं कधीतरी वर बघेल, एवढ्या विश्वासावर छतावर वाट बांधून ठेवली होती.

त्या उन्हाळ्यात लाईट सारखी जायची. तेव्हा त्या गेममध्ये खेळ राखून ठेवायची सोय नव्हती. लाईट गेली की सगळं मुळापासून. मग आम्ही ओट्यावर यायचो आणि खडूनं फरशीवर स्टेज काढायचो. कुठल्या पाइपात उतरता येतं, कुठल्या विटेतून वर चढायचा वेल निघतो, हे एकमेकांना दाखवायचो. गंगाखेडहून आलेलं गुपित आठवड्यात आमच्या गल्लीचं झालं आणि सुट्टी संपताना सेलू-मानवतच्या पाहुण्यांबरोबर पुढे गेलं.

आज कोणत्याही गेमची सगळी गुपितं मोबाइलवर आयती दिसतात. पालकांना माझी एक विनंती आहे. मूल कुठं अडलं, तर लगेच उत्तर दाखवू नका. थोडा वेळ त्याला चाचपडू द्या. स्वतःला सापडलेली एक वाट त्याला आयुष्यभर पुरते.

आणि मुलांनो, मियामोतो आणि तेझुका त्यांचे टप्पे आधी चौकटीच्या कागदावर काढायचे. तुमच्याकडे गणिताची चौकटीची वही आहे. तिच्यात तुमच्या गावाची एक स्टेज काढा. बारव घ्या, जुना वाडा घ्या, नेमगिरीचं ठेंगणं दार घ्या. त्यात एक गुपित ठेवा, आणि शोधणाऱ्यासाठी पदराचं टोक बाहेर ठेवायला विसरू नका. मग वही मित्राच्या हातात द्या आणि तो वर कधी बघतो, याची वाट बघा.