फी दहावीपर्यंतची विचारा



डिसेंबर-जानेवारी उजाडला की ज्यांच्या घरात तीन-चार वर्षांचं मूल आहे, तिथे रात्री जेवताना एकच विषय असतो. शेजारच्या ताईंनी एका शाळेचं नाव सुचवलेलं असतं, ऑफिसमधल्या कुणी दुसऱ्या शाळेचं, आणि आजोबा म्हणत असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत काय वाईट आहे? आजोबांचं म्हणणं उडवून लावू नका. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून काम करताना मी जिल्हा परिषदेच्या अशा शाळा पाहिल्या आहेत, जिथली मुलं न अडखळता वाचतात आणि पाहुण्याला बिनधास्त प्रश्न विचारतात. ती शाळा एकदा स्वतः जाऊन बघा. त्यानंतरही खाजगी शाळाच हवी असं घरात ठरलं, तर ती कशी पारखायची आणि तिचा खर्च कसा पेलायचा, याबद्दल आज बोलू या.

सर्वांत आधी मान्यता. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मान्यतेचं प्रमाणपत्र नसलेली शाळा चालवता येत नाही. तरीही अशा शाळा निघतात, आणि गाठ पडते ती साध्या पालकांशी. सरकारी नोंदीतला शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक मागा. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ किंवा ‘सीबीएसई प्रस्तावित’ असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्न शाळेला मंडळाचा संलग्नता क्रमांक असतो, त्याला मुदत असते, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर दोन्ही पाहता येतात. हे तपासलं नाही तर नववीत मंडळाकडे नोंदणी करायची वेळ येते, तेव्हा मूल त्या शाळेत मोठं झालेलं असतं आणि पालकांचे हात बांधलेले असतात.

शाळा बघायला जाल तेव्हा रंगवलेल्या भिंती आणि स्वागतकक्ष यांवर जाऊ नका. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहा आणि चौथी-पाचवीच्या मुलांच्या पालकांशी बोला. नर्सरीचे पालक अजून नवलाईत असतात, पाचवीचे पालक खरं सांगतात. गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, हे त्यांना विचारा. शिक्षक टिकत नसतील तर इमारत कितीही देखणी असो, मुलाच्या हाती फारसं लागत नाही. स्वच्छतागृह बघायची परवानगी मागा. आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊ पाहणाऱ्या शाळेला शांतपणे सांगा, की शिक्षण हक्क कायद्याच्या 13व्या कलमाने अशा चाळणीला आणि देणगीलाही मनाई केली आहे.

आता पैशाचं बोलू. बहुतेक पालक विचारतात, यंदाची फी किती? माझा आग्रह आहे, दहावीपर्यंतची फी विचारा. समजा पहिलीची फी वर्षाला 60,000 रुपये आहे आणि ती सरासरी दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढली. दहावीत ती जवळजवळ 1,41,000 होते, आणि दहा वर्षांची बेरीज साडेनऊ लाखांच्या वर जाते. पहिलीच्या आकड्याला दहाने गुणून सहा लाख धरणाऱ्या घराला साडेतीन लाखांचा खड्डा पडतो. दुसरं मूल असेल तर त्याचंही गणित याच कागदावर मांडा.

फीच्या पावतीत काय काय असतं ते एकदा नीट वाचा. एका रिक्षाचालक गृहस्थांनी आणलेली पावती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वर ठळक अक्षरांत शिक्षण शुल्क, आणि खाली बारीक अक्षरांत सत्र शुल्क, संगणक, उपक्रम, वार्षिक स्नेहसंमेलन आणि नुसतंच ‘इतर’. खालची बेरीज वरच्या रकमेच्या जवळपास होती. प्रवेश घेताना त्यांना फक्त वरचा आकडा सांगितला होता. म्हणून सगळी शीर्षकं, बस आणि गणवेश धरून, लेखी मागा. अमुक दुकानातूनच वह्या-गणवेश घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

महाराष्ट्रात फीवर नियंत्रण आणणारा 2011 चा कायदा आहे, आणि पालकांना त्याची फारशी माहिती नसते याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यानुसार प्रत्येक खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघ असायला हवा, आणि त्याची कार्यकारी समिती असायला हवी. समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. नव्या वर्षाची फी व्यवस्थापनाने आधी या समितीपुढे मांडायची असते. मंजूर झालेली फी सूचनाफलकावर लावायची असते, आणि ती दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. चिठ्ठीत तुमचं नाव निघालं तर ‘वेळ नाही’ म्हणू नका. बैठकीला जा, हिशेब मागा, इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका.

मिळकत कमी असलेल्या घरांसाठी शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागा आहेत. विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गात त्या राखीव असतात, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि सोडतीतून प्रवेश मिळतो. 2024 साली राज्य सरकारने नियम बदलून बऱ्याच खाजगी शाळांना यातून वगळलं होतं, पण मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र ही तरतूद लागू नाही. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तिथे रांग लागते. पत्ता खराच द्या. आणि एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात: ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीची फी तुम्हाला भरावी लागेल, तेव्हा त्याची तजवीज पाचवी-सहावीपासून सुरू करा. आदिवासी कुटुंबांसाठी नामांकित निवासी इंग्रजी शाळांची वेगळी योजना आहे, तिची चौकशी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात करा. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत असताना नवोदय विद्यालयाची परीक्षा देता येते. तिथे राहण्या-जेवणाचा आणि शिक्षणाचा खर्च सरकार करतं, आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात.

बाकीच्यांनी काय करावं? फी एप्रिल-जूनमध्ये एकदम अंगावर येते. म्हणून जुलैपासून बँकेत किंवा पतपेढीत दरमहा आवर्ती ठेव सुरू करा, म्हणजे पुढच्या फीच्या वेळी रक्कम हातात येईल. सुकन्या समृद्धीचे पैसे शाळेच्या फीसाठी धरू नका. मुलगी दहावी होईपर्यंत किंवा अठरा वर्षांची होईपर्यंत शिक्षणासाठी ते काढता येत नाहीत. जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरत असाल, तर दोन मुलांच्या शिक्षण शुल्कावर दीड लाखांच्या एकत्रित मर्यादेत वजावट मिळते. देणगी आणि विकास निधी त्यात बसत नाहीत.

हल्ली काही शाळा बिनव्याजी हप्त्यांची सोय दाखवतात. तो बहुधा एखाद्या वित्त कंपनीशी तुमच्या नावावर झालेला कर्जाचा करार असतो. प्रक्रिया शुल्क किती, हप्ता चुकला तर दंड किती, आणि मधेच शाळा बदलली तर उरलेलं कर्ज कुणी फेडायचं, हे वाचल्याशिवाय सही करू नका. त्यापेक्षा मुख्याध्यापकांना अर्ज देऊन थेट शाळेकडेच हप्ते मागा. भावंडांना सवलत आहे का, विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

नोकरी गेली, घरात आजारपण आलं, आणि फी थकली, तर मुदत संपायच्या आधी शाळेला लेखी कळवा आणि पोच घ्या. फीच्या तगाद्यासाठी मुलाला वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांदेखत नाव पुकारणं हा मानसिक छळ आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने त्याला बंदी आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढताही येत नाही. असं घडलं तर त्याच दिवशी तारीख-वार घालून तक्रार लिहा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण कार्यालयात द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.