गाडीवानाचा वेळ



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मानतो आणि थेट चाकांकडे वळतो.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आपल्या पनवेलविषयी एक नोंद आहे. इथे बैलगाडीची चाके बनवण्याचा मोठा धंदा होता आणि देशावरून आलेला गाडीवान परतताना चाकांची एक जोडी घेऊन जाई. घाट उतरून माल पनवेलच्या खाडीवर यायचा आणि गलबतातून मुंबईला जायचा. म्हणजे ‘मल्टिमोडल’ हा शब्द आपल्या सेमिनारांत शिरण्याच्या कितीतरी आधी पनवेलकर तेच करत होते. ते बंदर गेले. गाडीवान राहिला. आज तो कळंबोलीला चहा पितो आणि त्याच्या गाडीवर चाळीस फुटी डबा, म्हणजे कंटेनर, असतो. त्या गाडीवानाविषयीच आज बोलणार आहे.

कंटेनरचा जन्मच मुळी एका ट्रकवाल्याच्या खोळंब्यातून झाला म्हणतात. 1937 साली माल्कम मॅक्लीन कापसाच्या गाठी घेऊन अमेरिकेत होबोकेनच्या धक्क्यावर गेले. हमाल एकेक गाठ उचलून जहाजावर चढवत होते आणि हे दिवसभर ट्रकमध्ये बसून. अख्खा ट्रकच उचलून जहाजावर ठेवला तर, हे तेव्हा सुचले असे ते पुढे सांगत. इतिहासकार या गोष्टीकडे संशयाने बघतात. मी ठेवतो बुवा विश्वास. धक्क्यावर दिवसभर खोळंबलेल्या माणसाला काय काय सुचते ते मी ऐकले आहे. त्यातले बरेचसे या व्यासपीठावरून सांगता येण्यासारखे नाही. 26 एप्रिल 1956 रोजी त्यांचे ‘आयडियल एक्स’ जहाज 58 कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल चढवायला टनाला 5.83 डॉलर पडत. त्या दिवशी हिशेब 16 सेंटांच्या आत आला.

आपल्याकडे न्हावा-शेव्याचे कंटेनर बंदर सुरू झाले 26 मे 1989 ला. त्याआधी जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनींच्या मोबदल्यासाठी आंदोलन झाले आणि गोळीबारात पाच जण गेले. त्याच भागातल्या जासईवरून आपल्या गाड्या रोज जातात, तेव्हा एवढे ध्यानात असावे. 2024-25 मध्ये या बंदराने वीस फुटी मापाने सुमारे 73 लाख कंटेनर हाताळले. त्यातले बहुतेक रस्त्याने येतात-जातात, आणि रस्ता म्हणजे करळ फाटा, गव्हाण फाटा, पळस्पे. तिथल्या कोंडीचे तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्या धंद्यातला कोणताही दरपत्रकाचा कागद काढा. फ्री डेज किती, ते लिहिलेले असते. ते संपले की शिपिंग लाइनचे डिटेन्शन. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-यार्डात, डबा पडून राहिला की ग्राउंड रेंट, तेही पायरीपायरीने चढणारे. रीफर, म्हणजे शीतडबा, असेल तर प्लगिंगचे वेगळे. डब्याचा एकेक दिवस असा मोजलेला आहे, बऱ्याचदा डॉलरात. तो ओढून आणणाऱ्याने गेटबाहेर काढलेल्या रात्रीसाठी रकाना नाही. ट्रेलरमालक हॉल्टिंग लावतो, कबूल. ते भांडून, निम्मे कापून, दोन महिन्यांनी मिळते. आणि मिळते ते मालकाला.

मी काही वेगळा नाही. 2024 चा द्राक्षाचा हंगाम आठवा. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालत होती, युरोप दहा-बारा दिवसांनी लांबला होता. बागाईतदार धास्तावलेले, निर्यातदार त्याहून. एका रात्री एका यार्डाबाहेर आमची गाडी अकरा तास उभी होती. मी दर दोन तासांनी चालकाला फोन करून एकच विचारत होतो, “टेम्परेचर किती?” तो बिचारा प्रत्येक वेळी उठून, डब्याच्या पुढच्या बाजूला जाऊन, आकडा वाचून सांगायचा. पहाटे म्हणाला, “शून्यावर आहे साहेब, द्राक्षं बरी आहेत.” मी लिहून घेतले आणि फोन ठेवला. त्याला स्वतःला रात्रभर ताप होता, हे दुसऱ्या दिवशी क्लीनरकडून कळले.

गाडी आत कधी शिरली, बाहेर कधी पडली, हे गेटवरचे यंत्र मिनिटासकट टिपते. रांगेत कधी लागली, ते चालकाच्या मोबाइलला ठाऊक असते. या तीन वेळा बिल्टीवर छापायला काय हरकत आहे? पैशांचे नंतर भांडू, त्यात आपण तरबेज आहोत. पण भांडायला आधी कागद लागतो, आणि हा कागद अजून कुणी काढलेला नाही. संध्याकाळच्या खुल्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. मालकमंडळींनी चहाच्या निमित्ताने त्या वेळी बाहेर जाऊ नये.

आत्ताच चिठ्ठी आली आहे: पहिल्या सत्राचे वक्ते पुण्याहून निघालेत आणि घाटात अडकलेत. तोवर मागच्या रांगेत जे ट्रेलरचालक बसलेत, त्यांच्यापैकी कुणीतरी पुढे या. माइक रिकामाच आहे.