मे महिन्यातला मध कुणाचा?

मधमाशीपालनावरची बरीचशी पुस्तके थंड मुलखात लिहिली गेली. त्यांच्या लेखी वसाहतीचा कसोटीचा काळ म्हणजे हिवाळा. आपल्या घाटमाथ्यावर किंवा कोकणात परसात सातेरी माशीची पेटी ठेवणाऱ्याने त्या वेळापत्रकावर भिस्त ठेवू नये. त्याच्या माश्या उपाशी पडतात त्या पावसाळ्यात. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. धो धो पावसात माशी उडत नाही; उघडीप मिळून उडालीच, तरी फुलांतला मकरंद पातळ झालेला किंवा धुऊन गेलेला असतो. या दिवसांची तरतूद मेमध्येच करावी, आणि ती शक्यतो माश्यांच्याच मधाने करावी, असे माझे म्हणणे आहे.

कडाक्याच्या थंडीत माश्या एकमेकींना बिलगून बसतात, राणीचे अंडी घालणे जवळजवळ थांबते, आणि साठा पुरवून पुरवून खाल्ला जातो. आपला पावसाळा दमट, पण उबदार. राणी अंडी कमी घालते, तरी सहसा पुरती थांबत नाही. पिल्लांना खाऊ लागतो, ओल हटवायला पंख हलत राहतात. आवक बंद आणि खर्च चालू, अशी ही स्थिती. साठा संपत आला की सातेरी माशी मरेपर्यंत वाट पाहत बसत नाही. सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते. पुष्कळ जण याला माशीचा चंचलपणा म्हणतात. मला तो तिचा शहाणपणा वाटतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मध महाग आणि साखर स्वस्त. तेव्हा जांभूळ-हिरड्याचा सगळा मध मेमध्ये काढून घ्यावा आणि पावसात साखरेचा पाक द्यावा. हिशेब वरवर चोख आहे, पण त्यात माशीचे श्रम धरलेले नाहीत. पाकातले पाणी उडवल्याशिवाय तो टिकत नाही, आणि हे काम आपण तिला वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत सांगतो. शिवाय पाकासाठी पेटी वारंवार उघडली की पिल्लांना गारठा लागतो, सांडलेल्या थेंबांवर मुंग्या येतात, शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. पाक मधाच्या कोठीत साठला, तर पुढे तोच मध म्हणून बाटलीत उतरतो, हे वेगळेच. तरीही वसाहत उपाशी दिसली तर पाक द्यायलाच हवा: साखर आणि पाणी समभाग, संध्याकाळी, पेटीच्या आत, वरची कोठी काढून. माझा विरोध पाकाच्या भरवशावर पेटी रिकामी करण्याला आहे. निदान दोन-तीन चौकटी मध ठेवावा, तोही मेणाने बंद केलेला. उघड्या घरांतला कच्चा मध ओलीने आंबतो. पिल्लांच्या वाढीला लागणारी प्रथिने मात्र मधातूनही मिळत नाहीत आणि साखरेतूनही. ती परागकणांतून येतात, म्हणून खालच्या कोठीतल्या पोळ्यांना हातच लावू नये. किनाऱ्यावरच्या पालकाचे त्यातल्या त्यात बरे, कारण नारळाची पोय बाराही महिने पराग देते.

दुसरा आक्षेप जंगलाचा दाखला देतो: झाडाच्या ढोलीतल्या माश्यांना कोण खाऊ घालते? कोणी नाही, पण त्यांचा मध मेमध्ये यंत्रात घालून कोणी फिरवतही नाही. ढोलीतली वसाहत जागा सोडून गेली, तर कुणाचे नुकसान होत नाही. आणखी एक फरक आहे. ढोलीत माश्या गरजेपुरतेच पोळे बांधतात, तर पेटीत आपण चौकटी भरून ठेवतो. पावसात माश्यांची संख्या घटते आणि बाहेरच्या पोळ्यांवर पहारा उरत नाही. मेणकिड्याचा पतंग अशाच जागी अंडी घालतो. त्याच्या अळ्या मेणात बोगदे पाडत जाळी विणतात. म्हणून माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी काढून घ्यावीत, फळी घालून जागा आटोपशीर करावी आणि पेटीचा तळ उघडिपीच्या दिवशी खरवडून साफ करावा. पेटी पुढे किंचित कललेली असली, की आत आलेले पाणी दारातून वाहून जाते.

एवढी खटपट कशासाठी, तर कामकरी माशीच्या वयासाठी. अंड्यापासून माशी बाहेर पडायला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि नंतरचे दोनेक आठवडे ती घरकामातच असते. म्हणजे ऑक्टोबरात कारळ्याच्या शेतात जाणारी माशी ऑगस्टमध्ये अंड्यात असायला हवी. कारवीचा बहर त्याहून आधी सुरू होतो, त्यामुळे तिच्यासाठी जुलैतच राणीला जोर हवा. कारवी एका जागी सामुदायिक फुलते ती आठ वर्षांतून एकदा. त्या वर्षी पेटीत मूठभरच माश्या उरल्या असतील, तर डोंगर फुललेला असूनही वरची कोठी कोरडीच राहते.