किल्ली कोणाच्या स्वाधीन?
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात देवळाली कॅम्प येथे दिलेले भाषण)



आपल्यापैकी काही तरुणांनी बिटकॉइनसारख्या आभासी चलनात पैसा गुंतविला आहे. तो गुंतवावा की नाही, हा आजचा विषय नव्हे. गुंतविलेला हाती कसा राहील, एवढेच सांगावयाचे आहे.

हे चलन ‘वॉलेट’मध्ये नसतेच. त्याची खतावणी जगभरच्या हजारो संगणकांवर असते. वॉलेटमध्ये असते ती केवळ किल्ली. मुंबईच्या वझीरएक्स या पेढीतून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले. किल्ली पेढीच्या स्वाधीन होती. ठेवीदारांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ खोळंबले.

स्वतःचे वॉलेट उघडताना बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. ते २०४८ शब्दांच्या ठरीव यादीतले असतात आणि त्यांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. फोन हरवला तरी या शब्दांवरून सर्व द्रव्य परत मिळते. मात्र शब्द ज्याला कळले, त्याचेच ते द्रव्य झाले. म्हणून ते अनुक्रमांक घालून कागदावर स्वहस्ते लिहावेत. छायाचित्र काढू नये. (व्हॉट्सॲपवर धाडणे म्हणजे चव्हाट्यावर मांडणेच!) एक प्रत घरी, दुसरी बँकेच्या लॉकरात ठेवावी, आपल्याकडील पावसाळ्याची ओल ध्यानात असू द्यावी. कोणी ‘अधिकारी’ म्हणवून शब्द विचारील, तर तो चोर समजावा. मोठी रक्कम घालण्यापूर्वी अल्प रकमेनिशी, वॉलेट पुसून शब्दांवरून पुन्हा उभे करून पाहावे.

आणि गृहस्थहो, प्रती कोठे आहेत हे पत्नीला अथवा सज्ञान मुलाला सांगून ठेवा. बँकेत वारसाचे नाव लावता येते. या खतावणीत ते लावणारा कारकूनच नाही.