विश्वस्ताची वही

नांदेड व लातूर या व्यापारी शहरांत अडतीच्या घरांना वहीचें महत्त्व सांगावयास नको. जमा कोणाची आणि खर्च कोणाच्या नांवें, हें चोख ठेवणें हाच व्यापाऱ्याचा धर्म. हा धर्म राष्ट्रीय राजकारणांत पाळणारा एक पुरुष विदर्भांत होऊन गेला. ते वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज.

जमनालालांचा जन्म १८८९ सालीं जयपूर संस्थानांत सीकरजवळील एका खेड्यांत, गरीब कुटुंबांत झाला. वर्ध्याचे श्रीमंत व्यापारी शेठ बच्छराज यांनीं त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलें. सतराव्या वर्षीं एका लग्नाच्या वेळीं दागिने घालण्यावरून आजोबा रागें भरले. जमनालालांनीं पत्र लिहून सर्व संपत्तीवरील हक्क सोडला आणि घराबाहेर पडले. आजोबांनीं त्यांना परत आणलें. पण हें धन आपलें नव्हे, ही जाणीव मनांत कायमची रुजली.

१९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. पुढें मृत्यूपर्यंत काँग्रेसच्या खजिन्याची किल्ली त्यांच्याकडे राहिली. १९२१ सालीं त्यांनीं रायबहादूर ही पदवी परत केली आणि वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठीं एक लाख रुपये दिले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहांत त्यांनीं तुरुंगवास पत्करला. १९२८ सालीं आपल्या घराण्याचें लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनीं अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें केलें.

१९३८ सालीं हैदराबाद संस्थानांत स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह चालू होता, तेव्हां नांदेड व लातूर निजामी अमलाखालीं होतीं. त्याच काळांत जमनालाल जयपूरच्या प्रजामंडळाचे अध्यक्ष होते. १९३९ सालीं प्रवेशबंदी मोडून ते जयपुरांत गेले आणि स्थानबद्ध झाले. संस्थानी प्रजेचें दुःख सर्वत्र एकच होतें.

धनवंताच्या हातीं पक्षाची थैली असावी काय, ही शंका रास्त आहे. जमनालालांनीं व्यापार सोडला नाहीं. १९३१ सालीं त्यांनीं साखरेचा कारखानाहि काढला. परंतु दिलेल्या पैशाच्या बदल्यांत मंत्रिपद घेतलें नाहीं. गांधीजींनीं सांगितलेली विश्वस्तवृत्ति त्यांनीं वहींत उतरविली.

११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वर्ध्यास त्यांचें निधन झालें. संपत्ति घेऊन राजकारणांत उतरणारे आजहि पुष्कळ दिसतात. त्यांची परीक्षा एकच: लोकांचा पैसा आणि घरचा पैसा यांच्या वह्या त्यांनीं वेगळ्या ठेविल्या काय?