नोंदी आणि पोटनोंदी



असोद्याच्या एखाद्या मुलाने आपल्या गावच्या कवयित्रीची माहिती काढण्यासाठी संदर्भग्रंथात 'बहिणाबाई' हे नाव शोधले, तर त्याची फसगत होण्याचा संभव आहे. ह्याच नावाच्या एक संत सतराव्या शतकात होऊन गेल्या. त्या तुकारामांच्या शिष्या. असोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निराळ्या. मुलाने समोर आलेली पहिलीच नोंद उतरून घेतली, तर दोष त्याचा नव्हे. नोंद कशी पाहावी हे त्यास कोणी शिकविलेले नसते.

माहिती गोळा करणे वेगळे आणि ती सापडेल अशी लावणे वेगळे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस विभाग आहेत. पहिल्या पाच प्रस्तावनाखंडांत मोठे विषय सलग मांडले आहेत. पुढील शरीरखंडांत नोंदी अकारविल्हे लावल्या आहेत. शिवाय सूचीला स्वतंत्र विभाग दिला आहे. सलग वाचणारा आणि नेमकी गोष्ट शोधणारा, या दोघांचीही सोय त्यात पाहिलेली दिसते.

हीच रीत शाळेत सुट्या कागदांवर शिकविता येते. 'असोदा' ही मुख्य नोंद धरावी. तिच्याखाली स्थान, शेती, खाद्यपदार्थ, व्यक्ती अशा पोटनोंदी कराव्यात. शेतीखाली केळी, कापूस, वांगी यावीत. पोटनोंद ही वरच्या शीर्षकाचा खराखुरा भाग आहे की नाही, हे मुलांनीच ठरवावे. वांग्याचे भरीत शेतीत घालावयाचे की खाद्यपदार्थांत, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा. निर्णय झाल्यावर माहिती एकाच ठिकाणी लिहावी आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ 'पहा' असा निर्देश करावा.

व्यक्तींखाली 'बहिणाबाई चौधरी' असे पूर्ण नाव जन्ममृत्यूच्या सालांसह (१८८०–१९५१) लिहावे, म्हणजे घोटाळा टळेल. त्याखाली माहेर, जळगावचे सासर, गाणी असे भाग पाडावेत.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांचे पुत्र सोपानदेव आदींनी गाणी उतरून घेतली, म्हणून ती १९५२ साली पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. टिपून ठेवण्याचे मोल असोद्यास निराळे सांगावयास नको.

कोश पुरा झाल्यावर तो दुसऱ्या वर्गातील मुलाच्या हाती द्यावा आणि एक गोष्ट शोधावयास सांगावी. त्यास ती कोणासही न विचारता सापडली, तर मांडणी नीट झाली असे समजावे. न सापडली, तर शीर्षके पुन्हा तपासावीत.