शवासन : शरीराचा व मनाचा विसावा



परीक्षेच्या धास्तीने पाठ असलेलेही विसरणारे विद्यार्थी आम्ही वर्गात पुष्कळ पाहिले. आळशी समजून आम्ही त्यांस रागे भरलो, याची आज खंत वाटते. भयाने स्नायू ताठरतात, श्वास उथळ होतो, छाती धडधडते. मग उपदेश कानी शिरणार कसा? प्रथम शरीरास विसावा हवा.

मुंबईचे डॉ. के. के. दाते यांनी १९६९ साली रक्तदाबाच्या रुग्णांस शवासनाने गुण आल्याचे प्रसिद्ध केले. उताणे निजावे, पावलांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा व मंद श्वासाकडे लक्ष ठेवावे. चालू औषध मात्र बंद करू नये.

घरातील मूल अबोल झाले, तर रागावू नका. दहा मिनिटे त्याच्याशेजारी आपणही असेच निजा. एवढीच विनंती.